प्रसादाचा पेन ड्राइव्ह

सावे सरांनी माझं पत्रक पहिल्यांदा वाचलं ते हातात लाल पेन धरून.

बोईसरजवळच्या एका तंत्रनिकेतनाच्या फाटकाशी मी पत्रकं वाटत उभी होते. आमचा एक लहानसा गट आहे. जे सॉफ्टवेअर कुणालाही वापरता येतं, वाटता येतं, उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, ते वापरा असं आम्ही गावोगाव सांगत फिरतो. लोक पत्रक घेतात आणि पुढच्या गाडीवर त्यातच भजी बांधून घेतात. या माणसानं मात्र पत्रक फाटकाच्या खांबावर टेकवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खाली लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि मला परत दिलं. दहापैकी चार.

“राग भरपूर आहे,” ते म्हणाले. “माहिती कमी. आणि फुकट सॉफ्टवेअरचं मला काय सांगतेस? या बोईसरात फुकट सॉफ्टवेअर वाटणारा सावे तो मीच.”

“सर, फुकट आणि मुक्त यात फरक आहे.”

“असेल. सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊन पोरांना समजावून सांग तो फरक.”

आणि स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत आत गेले. किल्लीला एक पितळी नांगर होता आणि नांगराशेजारी एक काळा पेन ड्राइव्ह लोंबकळत होता. ज्याच्यावर मी एवढी पत्रकं छापली तो शत्रू मी त्या दिवशी एवढ्या जवळून पाहिला, आणि मला कळलंही नाही.

सर चिंचणीचे. रोज स्कूटरवरून यायचे. पांढरा शर्ट, खिशात लाल पेन, निळं पेन आणि टेस्टर. केसांना तेल, आणि भांग इतका सरळ की पोरं त्याला ‘अर्थिंगची वायर’ म्हणायची. बंद मॉनिटरच्या काळ्या काचेत बघून ते केस सारखे करायचे, तेही भर वर्गात, पोरांकडे पाठ करून, अजिबात न लाजता. स्वतःबद्दल बोलताना ‘सावे’ म्हणायचे. “सावेच्या तासाला झोपायचं तर झोपा, पण घोरू नका, मला पण झोप येते.” वाडीतले चिकू घेऊन यायचे. बरोबर उत्तराला पिकलेला चिकू, चुकीच्या उत्तराला कच्चा. कच्चा मिळालेला पोरगा तो तांदळाच्या डब्यात ठेवून पिकवायचा आणि आठवड्यानं सरांनाच आणून द्यायचा. सर तो खायचे आणि म्हणायचे, “बघ, तू पण पिकशील.”

गर्व होता माणसाला. तो मी लपवणार नाही. सर्किट शिकवणारा आपल्यासारखा दुसरा नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि बहुतेक ते खरंही होतं.

सर्किटचा आराखडा म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कुठलाही विजेचा उद्योग करणारी हिरवी पाटी तुम्ही पाहिली असेल, रेडिओत, चार्जरमध्ये. तिच्यावर कुठला भाग कुठे बसणार आणि तांब्याच्या वाटा कुठून कुठे जाणार, हे आधी कॉम्प्युटरवर काढावं लागतं. ज्या सॉफ्टवेअरवर कंपन्या ते काढतात त्याची किंमत ऐकली की सर म्हणायचे, “स्कूटर विकली, सावे विकला, तरी वर थोडे द्यायचे उरतात.” मग डोंगराकडच्या पाड्यावरून येणाऱ्या, मुरब्याहून, नवापूरहून येणाऱ्या पोरांनी शिकायचं कशावर? अभ्यासक्रमात ते सॉफ्टवेअर आहे, परीक्षेत आहे, कॉलेजच्या खरेदीत मात्र नाही. याला काय म्हणायचं? आम्ही पत्रकात त्याला ‘पद्धतशीर ढोंग’ म्हणतो. सरांनी त्यावर उपाय काढला होता. त्या पेन ड्राइव्हमध्ये तेच सॉफ्टवेअर होतं, कुलूप तोडलेलं. क्रॅक.

“सर, क्रॅक आहे का?”

“अरे, विद्येला कुलूप नसतं. हात पुढे कर. डावा नाही, उजवा.”

मग उजव्या तळहातावर, देवळात तीर्थ देतात तसा, तो पेन ड्राइव्ह ठेवायचे. “घे प्रसाद. घरी टाकून घे, उद्या परत आण.” पोरं तो हात डोळ्यांना लावायची. गंमत म्हणून सुरू झालेलं असणार, पण पुढे रीतच झाली. इथल्या कारखान्यांत पॅनेल बनवणारी, दुरुस्त करणारी किती माणसं त्या प्रसादावर वाढली याचा हिशेब कुणाकडेच नाही.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा असायची. सरांनी मला मुद्दाम बोलावलं. “ये पत्रकवाली, बघ आमचा देव्हारा.” टेबलावर पांढरं कापड, त्यावर मल्टिमीटर, सोल्डरिंगच्या इस्त्र्या, पकडी, सगळ्यांना झेंडू. आणि मधोमध तांब्याच्या ताम्हणात हळदकुंकू लावलेला तो काळा पेन ड्राइव्ह. मी पेढा घेतला. पेन ड्राइव्हसाठी हात पुढे केला नाही.

“सर, ही चोरी आहे,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. मी असंच बोलते.

“चोरीत दुसऱ्याचं काहीतरी कमी होतं,” सर म्हणाले. “माझ्या देण्यानं कुणाचं काय कमी झालं, सांग.”

माझ्याकडे दोन पत्रकं भरतील एवढी उत्तरं होती. पण त्यातलं एकही त्या प्रश्नाचं नव्हतं. पोरं हसली. एकेक हात पुढे येत गेला. त्या हातांत एक मनीषा वरठाचा होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

एक गोष्ट मात्र सरांच्या वागण्यात तेव्हाही बसत नव्हती. कॉलेजच्या तपासणीला बाहेरून माणसं आली की प्रयोगशाळेला टाळं लागायचं आणि दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी. पाटी सरांच्याच अक्षरात. दर वर्षी तीच काढायची, पुसायची, अडकवायची. प्राचार्य पाहुण्यांना थेट चहाकडे वळवायचे. शिपाई सांगायचा, त्या दिवशी सर डबा उघडत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, केसही सारखे करत नाहीत. म्हणजे कुठेतरी माहीत होतं त्यांना.

मनीषा मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची. वारली घर, पावसावरचं थोडं भात, बाकीचे महिने घरातली माणसं कामाला बाहेर. डिप्लोमा झालेली त्या घरातली पहिलीच. बोईसरच्या एका कंपनीत, मशिनींची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या, तिला डिझाइनच्या खात्यात घेतलं. अजून कायम व्हायची होती. एक दिवस तिथल्या माणसांनी सांगितलं, तुझं आधीचं काही काम असेल तर दाखव. तिनं कॉलेजातला प्रोजेक्ट आणला. होडीच्या तळाशी पाणी साचायला लागलं की भोंगा वाजवणारी छोटी पाटी. मुरब्याच्या एका नाखव्यानं सरांना विचारलं होतं, सरांनी मूळ आराखडा काढला होता आणि पुढचा सगळा तिनं वाढवला होता. अशा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ‘काढलं’ पुढे तिचं नाव होतं. ‘तपासलं’ पुढे सावे.

कंपनीकडे तेच सॉफ्टवेअर होतं, पण विकत घेतलेलं आणि नवं. ती फाइल उघडायला गेली तर उघडेचना. पडद्यावर मधोमध एक खिडकी आली. ही फाइल बेकायदा प्रतीवर बनवलेली आहे, म्हणून उघडता येणार नाही. तोडलेल्या कुलपाची खूण फाइलच्या आत उतरते आणि नवं सॉफ्टवेअर ती ओळखतं, हे त्या पोरीला कसं माहीत असणार? सरांनाही नव्हतं. खोलीत सगळं खातं उभं होतं, बाहेरून आलेला एक ग्राहक होता. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, इंटरनेट चालू आहे, कंपनीला नोटीस येईल. संध्याकाळी तिचं गेटचं ओळखपत्र काढून घेतलं.

‘तपासलं’ पुढे कुणाचं नाव आहे, हे एकानंही विचारलं नाही.

सरांना कळलं ते शिपायाकडून, पुष्कळ दिवसांनी. ते मला शोधत स्टेशनसमोरच्या आमच्या पत्रकांच्या टेबलाशी आले.

“चल माझ्याबरोबर. त्या कंपनीत.”

“येते की. चांगलं झापते एकेकाला.”

“तेच करायचं नाही. तिथं तोंड उघडायचं नाही. नुसतं बसायचं.”

“मग मी कशाला?”

“मी न बोलता परत आलो तर तसं सांगायला कुणीतरी हवं ना.”

कंपनीत आम्हाला बसवलं. मॅनेजर आला, आणि त्याच्याबरोबर डिझाइनचा मुख्य. मुख्यानं सरांना बघितलं आणि वाकून पाया पडला. सरांचाच विद्यार्थी, नीलेश. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हात लगेच काढून घेतला.

“मनीषाकडे चोरीची जी वस्तू सापडली ती माझी,” सर म्हणाले. “मी दिली. तिला कामावर घ्या. तक्रार करायची तर माझी करा, मी लिहून देतो.”

“अरे सर, आप क्यूँ टेन्शन लेते हो,” मॅनेजर म्हणाला. “केस वेस कुछ नहीं किया हमने। बस लड़की को बोल दिया, कल से मत आना।”

सर नीलेशकडे वळले. “तू कशावर शिकलास रे?”

“सर...”

“साहेबांना सांग.”

“तुमच्याच पेन ड्राइव्हवर, सर.”

मॅनेजर मोठ्यानं हसला. “सबका वही है सर! कॉलेज में कौन ख़रीदता है?”

“मग तिलाच का?”

“उसका सबके सामने हो गया ना, सर।”

मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. किती वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती! सगळ्यांनी तोच प्रसाद खाल्ला, सगळ्यांच्या दारात गाड्या आल्या, घरं झाली, आणि उलटी झाली ती एका पाड्यावरच्या पोरीला, म्हणून तीच आजारी? मी सरांकडे बघितलं. ते नीलेशकडे बघत होते. रागानं नाही. आपल्याच हातची, चुकीची जोडणी केलेली पाटी बघावी तसं. नीलेश म्हणाला, “सर, माझ्या हातात नाही. वरून आहे.” चहा आला. सरांनी तो घेतला नाही.

बाहेर येऊन ते स्कूटरला किक मारत राहिले. किल्ली खिशातच होती. मी सांगितलं तेव्हा थांबले.

“त्याला मी नेहमी पिकलेले चिकू दिले,” ते म्हणाले. “नेहमी बरोबर उत्तर द्यायचा.”

पुढचे काही आठवडे सरांना बघणं कठीण होतं. किल्लीच्या नांगराशेजारची जागा रिकामी झाली. ‘विद्येला’ एवढं म्हणायचे आणि खोकायचे, वाक्य तिथेच राहायचं. एक दिवस मी प्रयोगशाळेत गेले तर दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ची पाटी नव्हती. तिच्या खिळ्याला माझं पत्रक अडकवलेलं होतं. त्यात माझं एक वाक्य आहे: ‘चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारा आणि वाटणारा, दोघेही चोर.’ सरांनी ‘वाटणारा’ हा शब्द लाल पेनानं अधोरेखित केला होता. येता-जाता पोरं ते वाचत होती.

“सर, काढा ते,” मी म्हटलं. माझीच ओळ, आणि माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

“का? खोटं लिहिलंस?”

“ते तुम्हाला उद्देशून नव्हतं.”

“मग कुणाला होतं? पत्रकाला दहापैकी चार दिले होते मी. या वाक्याला दहा.”

ते पत्रक तिथे पिवळं पडेपर्यंत राहिलं.

मग सर कामाला लागले. सर्किट काढण्याची मुक्त सॉफ्टवेअरं कुठली, हे त्यांनी मला विचारलं. मी उत्साहात भाषणच सुरू केलं: स्वातंत्र्य, समाज, ज्ञानाची मालकी. त्यांनी हात वर केला. “भक्ती नको. फाइल उघडते का, ते सांग.” पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. म्हणून त्यांनी निवडलेल्या सॉफ्टवेअरचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मी भक्ती करते असं म्हणतील.

तीन सॉफ्टवेअरं त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत रडक्या कॉम्प्युटरांवर टाकली आणि पोरांना तेच होडीचं सर्किट काढायला बसवलं. पोरं अर्ध्यात आली असतील नसतील, सरांनी भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. एकच ओरडा झाला.

“बोईसर आहे हे,” सर अंधारात म्हणाले. “लाईट जाणार. बघू कोण काय काय सांभाळून ठेवतंय.”

दिवे आल्यावर एका सॉफ्टवेअरमधलं सगळं काम गेलेलं होतं. ते बाद. दुसरी परीक्षा अशी की काढलेली फाइल साध्या लिहिण्याच्या खिडकीत उघडायची. “पोटात काय आहे दाखव,” सर फाइललाच म्हणायचे. एकाच्या पोटात नुसती भुतं निघाली, कुणालाही न वाचता येणारी चिन्हं. दुसऱ्याच्या पोटात सरळ मजकूर होता, अमुक भाग, अमुक जागा, तमुक तार. “हे बघा. उद्या हे सॉफ्टवेअर मेलं तरी ही फाइल माणसाला वाचता येईल. हिच्यात कुणी चोरून खूण करू शकत नाही. केली तर दिसेल.” हे म्हणताना त्यांचा आवाज बदलला, आणि पोरांना का ते कळलं.

प्राचार्य आले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. “सावे, कंपन्यांत हे चालत नाही. पोरांना नोकऱ्या कशा लागतील? आणि त्या मोठ्या कंपनीची विद्यार्थ्यांसाठी मोफत आवृत्ती आहे की.”

“आहे. ती टाकायला इंटरनेट लागतं, चालवायला लागतं, आणि मुदत संपली की पोराचीच फाइल पोराला दाखवत नाही. पाड्यावर रेंजसाठी झाडावर चढावं लागतं, साहेब. नोकरीसाठी ते पण शिकवू, कॉलेजनं विकत घेतलं तर. पण घरी नेतील ते हेच नेतील.”

पोरांनाही ते लगेच आवडलं नाही. “सर, लय किचकट हाय.” “मी पण किचकट आहे,” सर म्हणायचे, “तीन वर्षं काढताच ना माझ्याबरोबर?” शिवाय त्यात बोईसरच्या बाजारात मिळणारे भाग नव्हतेच. आपल्याकडचा स्वस्तातला फ्यूज होल्डर, आपल्याकडचा पट्टीचा कनेक्टर, हे परदेशातल्या कुणी कशाला काढून ठेवावेत? पण हे सॉफ्टवेअर वाकायला तयार होतं. सर स्टेशनजवळच्या दुकानातून एकेक भाग आणायचे, पोरांकडून मापायचे, आणि त्याचं चित्र सॉफ्टवेअरच्या कपाटात घालायचे. त्या कप्प्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘बोईसर’. दुकानदार म्हणायचा, “सर, मापून झालं असेल तर एखादा विकत पण घ्या.”

त्या वर्षी खंडेनवमीला ताम्हण रिकामं होतं. एका पहिल्या वर्षाच्या पोरानं विचारलं, “सर, प्रसाद?” सरांनी त्याला पेढा दिला आणि खिडकीकडे गेले.

खिडकीकडे जाणं ही त्यांची नवी सवय. मला ती हळूहळू लक्षात आली. कुणी त्यांची जुनी किंवा नवी, कुठलीही फाइल उघडायला लागलं की सर पाठ फिरवायचे. माउसची टिकटिक ऐकली की खिडकी, नाहीतर भिंत, नाहीतर दार. फाइल उघडली असं कुणीतरी म्हटल्यावरच वळायचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कसलाही इशारा येणार नाही हे त्यांच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं? तरीही. भर वर्गात काळ्या काचेत केस बघणारा तो माणूस, आता उजळणाऱ्या पडद्याकडे त्याच्याच्यानं बघवत नव्हतं.

आमच्या गटाला सरांवर पत्रक काढायचं होतं. फोटो, मथळा, सगळं मनात तयार. मी विचारलं तर म्हणाले, “मनीषाला विचार. ती हो म्हणाली तर छाप.”

“तुम्ही भेटलात तिला?”

“नाही.”

“का?”

ते किल्ली बोटाभोवती फिरवत राहिले. मग “चल,” म्हणाले.

भातकापणीचे दिवस होते. मनीषा मधल्या काळात पालघरला एका गाळ्यात प्लगच्या वायरी जोडत होती. कापणीसाठी घरी आली होती. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात पेंढ्या रचत होती. तिच्या आयसनं खाट टाकली, पाणी दिलं. सर खाटेवर बसले नाहीत.

“बस ना सर,” मनीषा म्हणाली. “आमची खाट चालंल तुमाला.”

सर बसले. मला वाटलं आता माफी मागतील. सगळ्या वाटेत मी तेच ऐकायला तयार होते. त्यांनी खिशातून तो काळा पेन ड्राइव्ह काढला. नांगर नव्हता त्याला.

“ते जुनं सगळं पुसलं,” ते म्हणाले. “यात आता मुक्त सॉफ्टवेअर आहे. कुलूप नसलेलंच. आणि तुझी होडीची पाटी. मी पहिल्यापासून परत काढली त्यात. मुरब्याचा नाखवा अजून विचारतो, त्याला आणि आणखी होडीवाल्यांना पाट्या करून हव्यात. तू काढून देशील तर काम तुझं. नावही तुझं.”

मनीषा हातातली पेंढी रचून आली.

“सर, तेव्हा मी मागितला नव्हता,” ती म्हणाली. “तुमी हातावर ठेवला. वरून प्रसाद म्हणालात. परसादाला नको कसं म्हणणार?”

तिची आयस चुलीकडे गेली.

“कंपनीत ते लोक विचारत होते, कुठून आणला? मी नाव नाय घेतलं तुमचं. सगळे हसत होते आन् मी गप उभी.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुमी लवकर का नाय आलात सर?”

“लाज वाटत होती,” सर म्हणाले.

“मला पण वाटत होती.”

मी जमिनीकडे बघत होते. माझ्या हातात फोन होता, कॅमेरा उघडा. सरांनी तिच्या हातावर काही ठेवलं की फोटो घ्यायचा, असं मी ठरवून आले होते.

सरांनी हात पुढे केलाच नाही. पेन ड्राइव्ह त्यांनी खाटेवर, आपल्यापासून लांब, तिच्या बाजूला ठेवला. “हा प्रसाद नाही,” ते म्हणाले. “नको असेल तर नको म्हण. मी परत नेईन. रागावणार नाही.”

मनीषानं त्याच्याकडे बघितलं, आणि परत अंगणात गेली. राहिलेल्या पेंढ्या रचल्या. सगळ्या. सर बसून राहिले. मग तिनं हात धुतले, आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना लॅपटॉप आणला, उंबऱ्यावर बसली आणि पेन ड्राइव्ह उचलला.

“आधी पोटात काय हाय ते बघते,” ती म्हणाली.

हे वाक्य तिला कुणी शिकवलं होतं? ती शिकत होती तेव्हा सर ते म्हणतही नव्हते. तिचं तिलाच सुचलं असणार, एकदा फसल्यावर. तिनं फाइल साध्या मजकुरात उघडली आणि वाचत खाली खाली गेली, ओळीवर बोट ठेवून. कोपऱ्यातल्या चौकटीच्या ओळींशी थांबली. ‘काढलं’ पुढे काही नव्हतं. ‘तपासलं’ पुढेही काही नव्हतं.

“दोन्ही कोरी सोडली?”

“तू ठरव,” सर म्हणाले.

मग ती सॉफ्टवेअर टाकायला लागली. लॅपटॉप जुना, वेळ लागत होता. कोंबड्या पेंढ्यांवर चढल्या, तिनं न बघता हाकलल्या. शेवटी फाइलवर बाण नेला. टिक, टिक.

सर उठले होते. अंगणाच्या कडेला, कापलेल्या शेताकडे तोंड करून उभे होते. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. भांग वाऱ्यानं विस्कटला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. ते पत्रक आम्ही कधीच काढलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी नोकरी सोडली, मुलीकडे वलसाडला राहायला गेले, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं तेच रूप राहिलं.

“सर,” मनीषा म्हणाली, “उघडली.”

“काही लिहून आलं का मधे?”

“नाय.”

“नीट बघ.”

“काय नाय आलं सर. सर्किटच हाय.” ती थोडा वेळ बघत राहिली आणि टाइप करायला लागली. “काढलं, मनीषा वरठा. आन् तपासलं पुढं काय टाकू? सावे?”

सर वळले नाहीत.

“तपासून झालं की टाक,” ते शेताकडे बघत म्हणाले. “या वेळी तपासतो.”